हातभर उंचीचा इतिहास

साताऱ्याहून महाबळेश्वरला जाण्याचे दोन मार्ग आहेत. वाई-पाचगणीवरून जाणारा मार्ग पर्यटकांचा आणि मेढा-केळघरवरून जाणारा मार्ग त्या डोंगरांत राहणाऱ्यांचा. वार्षिक आध्यात्मिक साधनेसाठी आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. आदल्या रात्री साताऱ्यास मुक्काम करून पहाटेच्या एस.टी.ने दुसऱ्या मार्गाने निघालो आणि उजाडता उजाडता मेढ्यास उतरून स्थानकाजवळच्या एका हॉटेलात चहासाठी बसलो. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. वेण्णा नदीच्या खोऱ्यावर अद्याप धुके होते. त्या धुक्यातून आठदहा तरुण धावत आले, गुडघ्यांवर हात टेकून त्यांनी दम घेतला आणि मग एकेक जण हॉटेलच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहू लागला. दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर वहीचा पुठ्ठा आडवा धरावा आणि पेन्सिलीने चौकटीवर रेघ मारावी, असा त्यांचा क्रम होता. चौकटीवर अशा कितीतरी रेघा होत्या.

चौकशी करता कळले, की ही पोलीस भरतीची तयारी. पुरुष शिपायास किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. त्या मुलांपैकी एक जण पुन्हा पुन्हा चौकटीपाशी जाऊन येत होता. "एकशे त्रेसष्टच्या पुढं जातच नाही, काका," तो म्हणाला. माणूस सकाळी उठल्यावर सेंटिमीटरभर अधिक उंच असतो आणि दिवसभराच्या भाराने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळपर्यंत तेवढाच खाली येतो, हे त्याला नेमके ठाऊक होते. म्हणून मोजणीच्या दिवशी मैदानापर्यंत गाडीत आडवे पडून जाण्याचा त्याचा बेत होता. झाडाच्या फांदीला लोंबकळणे रोजचे चालू होते. जाहिरात वाचून मागवलेले उंची वाढवण्याचे औषध तीन महिने घेऊन झाले होते. त्याचे पैसे वडिलांनी पाठवले होते. वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. "आमच्यात सगळेच बुटके," तो म्हणाला. "बापानं जन्मभर पोती वाहिली, तो दबला असंल. मी तर काय वाहिलं नाही."

आणि मग त्याने विचारले, "दोन सेंटिमीटरनं माणूस कमी होतो का, काका?"

आम्ही 'नाही' म्हणालो. उत्तर खरे होते. परंतु भरतीच्या मैदानावर त्याचा काडीमात्र उपयोग नव्हता, हे त्यालाही कळत होते आणि आम्हालाही. आमची गाडी आली, आम्ही निघालो. केळघरचा घाट चढत असता मनात आले, की या मुलाला आपण एका शब्दात वाटेला लावले. वास्तविक त्याच्या प्रश्नामागे मानवजातीचा फार जुना इतिहास आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

सेमिनरीत असताना ग्रीक भाषेच्या वर्गात आम्हाला 'हेलिकिया' हा शब्द भेटला. पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशू विचारतो, की चिंता करून कोण आपली 'हेलिकिया' हातभर वाढवू शकेल? या शब्दाचे दोन अर्थ होतात, आयुष्य आणि उंची. येथे कोणता घ्यावा याविषयी पंडितांत मतभेद आहेत. हात म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. एवढी उंची वाढवण्याची चिंता कोण करील, म्हणून बरेच भाषांतरकार 'आयुष्य' हा अर्थ पसंत करतात. परंतु प्रभूच्या बोलण्यात विनोदाची अतिशयोक्ती पुष्कळदा असते. उंटाला सुईच्या नाकातून जायला लावणारा गुरू माणसाला हातभर वाढवून पाहणार नाही, असे आम्हाला वाटत नाही. त्या काळीही लोक उंचीची चिंता करीत असले पाहिजेत, एरवी ऐकणाऱ्यांना त्यातली गंमत कळली नसती.

जुन्या करारात तर उंची हीच राजाची पहिली खूण आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल साऱ्या लोकांहून खांद्यापासून वर उंच होता, आणि त्याच्या राज्याचा शेवट कसा झाला हे वाचक जाणतातच. पुढे शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला बेथलेहेमला इशायाच्या घरी गेला, तेव्हा थोरल्या धिप्पाड मुलाला पाहून तोही भुलला. उंचीकडे पाहू नकोस, असे परमेश्वराला त्याला सांगावे लागले. संदेष्टाही जिथे चुकतो, तिथे सामान्य माणसाची काय कथा!

म्हणून ज्यांना निसर्गाने उंची दिली नाही, त्यांनी ती उसनी घेण्याच्या युक्त्या शोधल्या. इतिहासभर विखुरलेल्या या युक्त्या एकत्र केल्या, तर त्यांचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, डोक्यावर काहीतरी चढवणे. दुसरा, पायाखाली काहीतरी घेणे. तिसरा आपण पुढे पाहू.

डोक्यावर चढवण्याचा प्रकार आपल्याला परका नाही. पागोटे, फेटा, मंदिल, त्यावर शिरपेच, शिरपेचावर तुरा, ही चढती भाजणी महाराष्ट्रात घराघरांत होती. मराठेशाहीत पगडीच्या घाटावरून माणूस पुण्याचा, शिंदेशाहीतला की होळकरशाहीतला हे ओळखता येई आणि तिच्या थाटावरून त्याचा दर्जाही. पायाखाली घेण्याच्या प्रकारात घोडा सर्वांत जुना. घोड्यावर बसलेल्या माणसाची उंची कोणी मोजत नाही. उंच टाचेचे पुरुषी बूटही मूळचे घोडेस्वारांचेच. इराणी स्वारांना रिकिबीत उभे राहून बाण सोडता यावा, पाय घसरू नये, म्हणून जोड्याला टाच आली. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात ती युरोपात पोहोचली आणि तेथे ज्यांना बाण सोडायचा नव्हता त्यांच्याही पायांत शिरली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात लाल टाच हे मानाचे चिन्ह होते. रिगो या चित्रकाराने १७०१ साली काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात डोक्यावर केसांच्या टोपाचा डोंगर आणि पायांत लाल टाचा, असे दोन्ही उपाय एकाच वेळी दिसतात.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहावे. महागुरूंच्या मस्तकावरील मायटर, वेदीच्या पायऱ्या, गोव्यातील व वसईतील जुन्या चर्चमध्ये भिंतीत उंचावर बसवलेली कोरीव लाकडी पुल्पिटे, हे सारे उंचीचेच साहित्य आहे. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा, हा पुल्पिटाचा सरळ हेतू होता. परंतु तेथून बोलणाऱ्याला खाली फक्त डोकीच दिसत, आणि त्याचा परिणाम बोलणाऱ्याच्या मनावर होत नसे असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-१९६५) आम्ही धर्मगुरू बहुतांशी खाली उतरलो. पोपमहोदयांना पूर्वी खुर्चीत बसवून खांद्यांवरून नेत असत. पोप पहिले जॉन पॉल यांना १९७८ साली त्या खुर्चीत बसणे नको होते. पण तुम्ही गर्दीत दिसत नाही, असे सांगण्यात आल्यावर लोकांसाठी त्यांनी ते मान्य केले. त्यांच्या मागून आलेल्या दुसऱ्या जॉन पॉल यांनी ती खुर्ची वापरली नाही. उंचावर बसण्याचे कारण आपली प्रतिष्ठा की लोकांची सोय, हा भेद या लहानशा प्रसंगात स्पष्ट होतो.

चित्रकला आणि शिल्पकला या कामी नेहमीच तत्पर राहिल्या आहेत. वाई तालुक्यातील किकली येथे वीरगळांची रांग आहे. अशा वीरगळांवर मधला वीर मोठा आणि त्याच्या शस्त्राखाली आलेले शत्रू लहान कोरण्याची रीत आढळते. मेलेल्या वीराला गावाने दिलेली ही उंची आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु जिवंत बादशहा स्वतःसाठी हेच करू लागला म्हणजे गंमत होते. दख्खनच्या मलिक अंबरने जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षे जेरीस आणले. रणांगणात अंबर हाती लागेना, तेव्हा अबुल हसन या दरबारी चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावरील अंबरच्या शिरावर बाण सोडीत आहे. मलिक अंबर त्यानंतरही दहा वर्षे जगला आणि १६२६ साली वृद्धापकाळी वारला. त्याच चित्रकाराच्या दुसऱ्या एका चित्रात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला आलिंगन देत आहे. जहांगीर भरदार व सिंहावर उभा, अब्बास त्याहून लहान व मेंढीवर उभा. हे दोघे प्रत्यक्षात कधी भेटलेच नाहीत! त्यांच्यामागे सोनेरी प्रभामंडल आहे. ही प्रभामंडलाची रीत मोगल चित्रशाळेने पाश्चात्त्य धार्मिक चित्रांवरून उचलली, आणि तशी चित्रे घेऊन गोव्याहून येशूसंघीय धर्मगुरू १५८० साली अकबराच्या दरबारी गेले होते. संतांच्या नम्रतेची खूण बादशहाच्या उंचीत भर घालण्यास उपयोगी पडावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

आता आपण पुन्हा जावळीकडे येऊ. मेढ्यातील त्या मुलांच्या गावांभोवतीच्या डोंगरांनी उंचीचा सर्वांत प्रसिद्ध सामना पाहिला आहे. जुनी जावळी महाबळेश्वराच्या पलीकडे, प्रतापगडाकडच्या रानात. चंद्रराव मोऱ्यांची ही जावळी शिवाजी महाराजांनी १६५६ च्या जानेवारीत घेतली आणि तेथे प्रतापगड बांधला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्या गडाच्या पायथ्याशी अफझलखान त्यांना भेटला. खान धिप्पाड होता, हे परंपरेने चालत आलेले वर्णन आहे. आलिंगनाच्या मिषाने त्याने महाराजांचे मस्तक काखेत दाबले, असे बखरकार सभासद सांगतो. दोघांच्या उंचीतील अंतर या एका तपशिलावरून कळावे.

महाराजांच्या शरीरयष्टीविषयी समकालीन पुरावा एका धर्मोपदेशकाच्या पत्रात आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीचे पाद्री जॉन एस्कॅलियट यांनी जानेवारी १६६४ मध्ये, सुरतेवरील स्वारीनंतर, इंग्लंडमधील विख्यात वैद्य व लेखक सर थॉमस ब्राऊन यांना पत्र लिहिले. ज्यांनी महाराजांना पाहिले त्यांच्याकडून ऐकून ते लिहितात, की त्यांची उंची बेताची, पत्रलेखकापेक्षाही थोडी कमी; बांधा सुरेख व प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, आणि बोलताना चेहऱ्यावर स्मित. त्यानंतर दोन वर्षांनी सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी तेव्हेनो हाही त्यांना लहान चणीचे व तेजस्वी डोळ्यांचे म्हणतो. याच स्वारीत कापुचिन संघाच्या फादर अँब्रोज यांच्या वास्तूला धक्का लागू नये, असे महाराजांनी बजावल्याची हकीकत बर्निए याने नोंदवली आहे. परक्या धर्माच्या निःशस्त्र माणसाला अभय देण्यासाठी किती उंची लागते, याचे माप अद्याप कोणत्याही भरतीच्या मैदानावर आलेले नाही.

त्या भेटीच्या दिवशी महाराजांच्या मंदिलाखाली लोखंडी टोप होता, असे सांगतात. तो त्यांनी घातला तो मस्तक सुरक्षित राहावे म्हणून, आणि तेवढेच त्याचे काम होते. उंची वाढवण्याचा कोणताही प्रयत्न त्या प्रसंगात नाही. त्यांनी जागा निवडली, वेळ निवडली, रानात माणसे पेरली आणि आपल्याला ठेंगणे समजणाऱ्याला तसे समजू दिले. जावळीच्या दाट रानात उंच माणसाला वाकून चालावे लागते, हे खानाला ठाऊक नव्हते. मावळ्यांना ते जन्मापासून ठाऊक होते.

हा धडा पुढे ब्रिटिश अमदानीत विसरला गेला. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उत्तरेकडील लोक तेवढे लढवय्ये, मुंबई इलाख्यातील मराठ्यांतील व मद्रासी सैनिकांतील लष्करी तेज मावळले, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी ते आपल्या आत्मचरित्रातही मांडले. शरीराने उंच व धिप्पाड तोच शिपाई, ही समजूत या मताच्या सोबतीने रुजली. यातील मौज अशी, की रॉबर्ट्स स्वतः ठेंगणे होते, जेमतेम सव्वापाच फूट. त्यांची चित्रे आणि कोलकाता, ग्लासगो व लंडन येथे उभारलेले त्यांचे पुतळे घोड्यावर बसलेले आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणींनी जे शौर्य गाजवले, त्याने त्या मताचा निकाल लावला. ११७ व्या मराठा पलटणीला 'रॉयल' ही बहुमानाची उपाधी मिळाली. खुद्द इंग्लंडमध्येही १९१४ साली पाच फूट तीन इंचांच्या अटीमुळे परत पाठवलेल्या ठेंगण्या मजुरांच्या वेगळ्या पलटणी उभारणे भाग पडले. 'बँटम' या नावाने त्या ओळखल्या गेल्या. गरज पडली की मोजपट्टी लवचीक होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच लोकांनी 'मिलिटरी' हा शब्द जोडला आहे, तो काही सेंटिमीटरच्या बळावर नव्हे.

आणि आता तो तिसरा प्रकार. डोक्यावर काही न चढवता, पायाखाली काही न घेता उंच दिसण्याचा एक उपाय आहे, तो म्हणजे दुसऱ्याला खाली बसवणे. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत क्रूर उपाय. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्याला इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट शाळेच्या नोकराला स्पर्श करायचे नसल्याने रोज घरी न्यावे लागे. त्या वर्गातील बाकीची मुले काही जन्मतः उंच नव्हती. एकाला जमिनीवर दूर बसवल्यामुळे ती उंच दिसत होती. आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या ख्रिस्ती समाजानेही हा उपाय वापरलेला आहे. चर्चमधील पुढचे बाक कोणाचे, सणाच्या मिरवणुकीत क्रूस कोणी धरायचा, यावरून आपल्याकडे झालेली भांडणे जुन्या माणसांना आठवत असतील. ती भांडणे उंचीचीच होती.

पुतळ्यांविषयी एक शब्द सांगितल्यावाचून हा भाग पुरा होत नाही. प्रतापगडावरील महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तो पुतळा आजही गडावर आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. २०२५ साली त्याच जागी त्याहून उंच पुतळा उभारण्यात आला. सारा महाराष्ट्र त्या दिवशी हळहळला, आम्हीही हळहळलो. ज्यांनी बेताच्या उंचीने एक युग पेलले, त्यांच्या स्मृतीला फुटांचे माप लावताना आपण पायाकडे अधिक पाहिले पाहिजे, एवढेच आम्ही नम्रपणे म्हणू.

वाचक म्हणतील, की हे सर्व दिसण्याविषयी झाले. प्रत्यक्ष उंचीचे काय? तिचाही इतिहास आहे आणि तो सैन्यभरतीच्या जुन्या वह्यांमधून अभ्यासकांनी शोधून काढला आहे. एका माणसाची उंची बव्हंशी त्याच्या कुळावर ठरते. पण साऱ्या समाजाची सरासरी उंची बालपणीच्या अन्नपाण्यावर वरखाली होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हॉलंडचे सैनिक सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे युरोपातील ठेंगण्यांत गणले जात. आज तेथील पुरुषांची सरासरी १८३ च्या घरात असून ते जगात सर्वांत उंच मानले जातात. दीडशे वर्षांत हातभर नाही, पण जवळजवळ वीतभर उंची त्यांनी मिळवली. दूधदुभते, शुद्ध पाणी, लहान मुलांच्या आजारांना वेळीच आळा, आणि ही सुखे घरोघर पोहोचवणारी व्यवस्था, अशी तिची कारणे सांगितली जातात. गरोदर आईच्या ताटात आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत ही उंची घडते. विशीच्या आसपास हाडांच्या टोकांची वाढ थांबली, की कोणतीही बाटली ती दारे पुन्हा उघडू शकत नाही.

त्या मुलाच्या आज्याच्या वेळची जावळी आठवा. डोंगरउतारावरची नाचणी-वरी, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा. त्यातच कोयनेचे धरण होऊन शिवसागर जलाशयाखाली अनेक गावांची जमीन गेली. पुरुष मुंबईला जाऊन पाठीवर आणि डोक्यावर ओझी वाहू लागले. १९६९ साली माथाडी कायदा झाला तेव्हा कुठे त्या श्रमाला काही संरक्षण लाभले. 'बाप दबला असंल,' असे तो मुलगा म्हणाला. शरीरशास्त्र काहीही म्हणो, इतिहास म्हणून त्याचे विधान खोटे नाही.

आणि त्याने घेतलेल्या औषधाविषयी. आपल्या देशात १९५४ साली औषधे व जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. ज्या रोगांवर व अवस्थांवर औषधाची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई केली, त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत कर्करोग आहे, मधुमेह आहे आणि माणसाची उंचीही आहे. म्हणजे उंची वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा ठरून कित्येक दशके होऊन गेली आहेत. तरीही ती जाहिरात मेढ्यापर्यंत पोहोचते आणि माथाडी कामगाराची मजुरी घेऊन परत जाते. भरतीच्या मैदानात केसांखाली मेणाचा थर लपवलेले उमेदवार पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि हसतो. त्या पोरांना हसण्याआधी त्यांना फसवणाऱ्यांकडे पाहावे.

साधनेच्या त्या आठवड्यात मननासाठी आम्ही संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा घेतली. यरीहोचा हा मुख्य जकातदार ठेंगणा होता, आणि तेथे लूकने वापरलेला शब्द तोच आहे, 'हेलिकिया'. येशूला पाहण्यासाठी तो उंबराच्या झाडावर चढला. इतिहासातील इतर माणसे आपण दिसावे म्हणून उंच चढली. हा दुसऱ्याला पाहावे म्हणून चढला. त्याच्यासारख्या धनाढ्य माणसाला ते शोभणारे नव्हते, लोक हसलेही असतील. प्रभूने मान वर करून त्याला पाहिले आणि खाली बोलावले. पुढची गोष्ट प्रवचनांतून शेकडो वेळा सांगूनही आमच्या ध्यानात आली नव्हती. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन जक्कय देतो, तेव्हा लूक मुद्दाम लिहितो, की तो 'उभा राहिला'. झाडावरून उतरून, जमिनीवर, आपल्या मूळच्या उंचीनिशी तो उभा राहिला. त्या क्षणी त्याची उंची किती होती हे मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आठ दिवसांनी परतताना आम्ही पुन्हा मेढ्यास उतरलो. तो मुलगा चौकटीपाशीच होता, दुसऱ्यांच्या डोक्यांवर पुठ्ठा धरून रेघा मारीत होता. आम्ही त्याला त्या कायद्याविषयी सांगितले. त्याला प्रथम ते खरे वाटेना. मग त्याने विचारले, "पैसे परत मिळतील का?" चौपट मिळणार नाहीत, एकपटही मिळतील अशी खात्री देता येत नाही, पण पुढचा मुलगा फसण्याआधी कोणीतरी तक्रार लिहिली पाहिजे, असे आम्ही म्हणालो. तो घरी जाऊन रिकामी बाटली आणि पावती घेऊन आला. अन्न व औषध प्रशासनाच्या नावाने अर्ज त्याने हॉटेलच्या टेबलावर लिहिला. दोन-तीन शब्दांचे शुद्धलेखन तेवढे आम्ही सांगितले. सही करताना बस म्हटले, तर बसला नाही. उभ्यानेच सही केली.